रिपोर्ट नॉर्मल, पोट मात्र बिघडलेलं: आयबीएस आणि आयुर्वेद, सोप्या भाषेत

सोनोग्राफी नॉर्मल, एन्डोस्कोपी नॉर्मल, रक्त नॉर्मल, आणि तरीही सकाळी घराबाहेर पडायच्या आधी तीनदा संडासला जावं लागतं, आणि चपला घातल्यावर चौथ्यांदा जावंसं वाटतं म्हणून बस सोडून द्यावी लागते. ज्याच्या घरात असं कुणी आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही. मी स्वतः नऊ वर्षं यातून गेलोय. पुण्याहून कोल्हापूरला जायचं ठरलं की आदल्या दुपारपासून माझं जेवण बंद, कारण एसटी कुठे थांबेल आणि थांबली तरी तिथलं संडास कसं असेल हा एकच विचार डोक्यात. एका डॉक्टरांनी फाईल मिटता मिटता सांगितलं, "तुम्हाला काहीही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका." बाहेर येऊन मी किती तरी वेळ पार्किंगमध्ये स्कूटरवर नुसता बसून होतो.

दुसऱ्या बाजूला मोबाईल. एकदा "पोट साफ होत नाही" असं सर्च केलं की पुढचा महिनाभर रील्स येत राहतात, २१ दिवसांत आयबीएस मुळापासून गायब, आतड्यातला सगळा कचरा बाहेर, वगैरे. एक म्हणतो तुला काही झालेलंच नाही, दुसरा म्हणतो माझी डबी घे. या दोघांच्या मधे खरंच उपयोगाचं बरंच काही आहे आणि त्यातलं काही आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आयबीएस म्हणजे नेमकं काय

पूर्ण नाव इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आपल्या भाषेत चिडकं आतडं म्हणा. आपल्याकडे बरेच जण याला सरसकट "कोलायटिस" म्हणतात, ते चूक आहे. कोलायटिसमध्ये आतड्याला खरोखर सूज असते, जखमा असतात, कॅमेऱ्यात दिसतात. आयबीएसमध्ये कॅमेऱ्याला काही दिसत नाही.

मग दुखतं कशामुळे? सोसायटीतली लिफ्ट डोळ्यांसमोर आणा. मोटर चांगली, केबल चांगली, इन्स्पेक्टर येऊन ओके लिहून गेला. पण दाराचा सेन्सर इतका नाजूक झालाय की समोरून मांजर गेलं तरी दार परत उघडतं, आणि कधी कधी बंदच होत नाही. लिफ्ट तुटलेली नाही पण चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना जिना चढावाच लागतोय ना! आयबीएसमध्ये आतड्याचा सेन्सर असा झालेला असतो, म्हणजे जेवढा गॅस इतरांना जाणवतही नाही तेवढ्याने याला मुरडा येतो. शिवाय आतड्याची पुढे ढकलण्याची लय बिघडते, कधी घाईघाईत ढकललं तर जुलाब, कधी रेंगाळलं तर बद्धकोष्ठ, काहींना आलटून पालटून दोन्ही.

डॉक्टर हे अंदाजाने ठरवत नाहीत, त्याचे निकष ठरलेले आहेत आणि २०१६ मध्ये ते सुधारून आले. गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोटात दुखणं, आणि त्यासोबत तीनपैकी दोन गोष्टी: दुखण्याचा शौचाशी संबंध असणं, किती वेळा जावं लागतं ते बदलणं, शौचाचं रूप बदलणं. हे सगळं सुरू होऊन किमान सहा महिने झालेले हवेत. म्हणजे लग्नाच्या पंगतीनंतर दोन दिवस पोट बिघडलं तर ते आयबीएस नाही.

आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून जास्त मज्जापेशी आहेत आणि त्यांची मेंदूशी सतत बोलणी चालू असतात. मूड, झोप याच्याशी आपण ज्या सेरोटोनिनचं नाव जोडतो त्यातलं ९० टक्क्यांच्या आसपास पोटातच तयार होतं. त्यामुळे परीक्षेच्या दिवशी पोट बिघडतं ते मनाचे खेळ नाहीत, वायर खरोखर जोडलेली आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी चालते, पोट बिघडलं की मनही बिघडतं.

आयुर्वेद यात काय बघतो

आयुर्वेदात दोन शब्द समजले की बरंचसं समजतं. पहिला अग्नी, म्हणजे पचवायची ताकद. दुसरा आम, म्हणजे नीट न पचता अर्धवट राहिलेलं.

चुलीवर भात लावलाय असं समजा. जाळ मंद असेल तर भात कच्चा आणि जड, हा मंदाग्नी. जाळ भडकलेला असेल तर खालून करपतो, हा तीक्ष्णाग्नी. आणि जाळ कधी मोठा कधी बारीक होत राहिला तर त्याच पातेल्यात एका बाजूला करपलेला आणि दुसऱ्या बाजूला कच्चा, हा विषमाग्नी. विषमाग्नी वाताचा मानतात, आणि आयबीएसवाला माणूस ही यादी वाचतो तेव्हा त्याचं बोट बहुतेक इथेच थांबतं. आज तीच पोळी-भाजी पचली, उद्या तीच नाही पचली. चौथा समाग्नी, म्हणजे जे आपल्याला हवंय ते.

या अग्नीचं ठिकाण म्हणजे ग्रहणी, अन्न पचेपर्यंत धरून ठेवणारा भाग. तो दुबळा झाला की अन्न कच्चंच पुढे सुटतं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पंधरावा अध्याय सगळा याच विषयावर आहे. ग्रहणीच्या लक्षणात कधी घट्ट तर कधी पातळ होणं हे सरळ सरळ सांगितलंय. त्याच ग्रंथाच्या विमानस्थानात एक जागा आहे जी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा परत परत वाचली: योग्य आणि मोजकं अन्न खाल्लं तरी चिंता, शोक, भय, राग, आणि झोपेची आबाळ यामुळे ते पचत नाही. म्हणजे पोट आणि मन यांची वायर जोडलेली आहे हे आपल्या वैद्यांना दिसलेलं होतं, आणि त्यांनी ते रुग्णाला झटकून टाकायला वापरलं नाही, उपचारात घेतलं.

मग ग्रहणी म्हणजेच आयबीएस ना?

नाही, आणि इथेच बरेच लेख घसरतात. जुन्या काळी कोलोनोस्कोपी नव्हती, बायोप्सी नव्हती. त्यामुळे ग्रहणी या एका नावाखाली आजचा आयबीएस येतो, तसा गव्हातलं ग्लूटेन न सोसणारा सेलिअ‍ॅकही येऊ शकतो, आतड्याची खरी सूजही येऊ शकते, आणि आपल्या देशात अजूनही दिसणारा आतड्याचा टीबीसुद्धा. या सगळ्यांचे उपचार वेगवेगळे आहेत. टीबीवाल्याला सहा महिने ताक आणि सुंठ देत बसलो तर त्याचं नुकसान कोण भरून देणार? म्हणून आधी आजचं निदान आणि मग आयुर्वेद, हा क्रम मला अजिबात सोडावासा वाटत नाही. चांगले वैद्यही आधी रिपोर्ट मागतात.

ही लक्षणं असतील तर चूर्ण वगैरे काही नाही, थेट पोटाच्या डॉक्टरांकडे जायचं: शौचातून रक्त, काही न करता वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, हिमोग्लोबिन कमी होत जाणं, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर. मूळव्याध असेल म्हणून रक्ताकडे दुर्लक्ष करू नका. अजून एक, गहू सोडून बघायचा असेल तर सोडायच्या आधी सेलिअ‍ॅकची रक्ततपासणी करून घ्या, कारण गहू बंद असताना ती तपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते.

ताक, पण कसलं ताक

ग्रहणीत चरकाने ताकाला श्रेष्ठ म्हटलंय, आणि कारणं दिलीत, ते भूक वाढवतं, मळ बांधतं, आणि हलकं आहे. आजच्या भाषेत बघितलं तरी जुळतं. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, ती अनेक मोठ्या माणसांना पचत नाही. विरजण लागताना जिवाणू त्यातली थोडी खाऊन टाकतात आणि वरून आपण पाणी घालतो, त्यामुळे पेलाभर दुधापेक्षा पेलाभर पातळ ताकात ती बरीच कमी असते.

आमच्याकडे आई करायची ते असं: रात्री लावलेलं, सकाळी नुकतं लागलेलं गोडसर दही, त्यात तिप्पट पाणी, रवीने घुसळून वर आलेलं लोणी काढून घ्यायचं, मग तव्यावर भाजलेल्या जिऱ्याची भरड पूड, चिमूटभर सुंठ, सैंधव. जिरं भाजताना ते तडतडायच्या आत उतरवायचं, काळं झालं की कडू होतं. दुपारच्या जेवणासोबत, खोलीच्या तापमानाचं. फ्रिजमधलं आंबट दही मिक्सरला फिरवून हिरवी मिरची आणि साखर घातलेला मठ्ठा ही वेगळी वस्तू आहे, पंगतीत छान लागतो पण औषध म्हणून नाही. आणि ज्यांना जळजळ, आंबट ढेकर असा पित्ताचा त्रास आहे, किंवा इतकंही लॅक्टोज सोसत नाही, त्यांनी ताकाचा हट्ट धरू नये, हे वैद्यच सांगतात.

कांदेनवमीत लपलेली गोष्ट

आषाढ शुद्ध नवमीला कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ खाऊन घ्यायचं आणि मग चातुर्मासात कांदा-लसूण बंद. माझ्या मावशीचं पोट दरवर्षी श्रावणात बरं असायचं, ती म्हणायची देवाची कृपा. मी त्यात वाद घालणार नाही, पण शेजारी एक गोष्ट ठेवतो.

ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश युनिव्हर्सिटीत आयबीएससाठी एक आहारपद्धत तयार झाली, लो-फॉडमॅप म्हणतात. फॉडमॅप म्हणजे अशा साखरा ज्या लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात, गॅस करतात आणि पाणी ओढतात. साध्या माणसाला त्याने काही होत नाही, पण आपला सेन्सर नाजूक आहे ना! या यादीत अगदी वरती कोण? कांदा आणि लसूण. मग गहू, राजमा-छोले, दूध, फ्लॉवर, सफरचंद, आंबा. आणि कांदा-लसणाच्या जागी स्वाद यायला काय चालतं, तर हिंग. (बाजारातल्या बांधानी हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, सेलिअ‍ॅकवाल्यांनी डबीवर वाचून घ्यावं.)

आता आपलं पथ्याचं जेवण आठवा, मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, तूप, हिंग-जिऱ्याची फोडणी, दुधी, पडवळ. कांदा नाही, लसूण नाही. दोन्हीकडचा रस्ता वेगळा पण बराचसा ताटापाशी येऊन मिळतो. सगळीकडे नाही हं, मेळ बसवायचा म्हणून बसवू नये, आयुर्वेदात औषधासारखा वापरलेला लसूण फॉडमॅपच्या यादीत बादच आहे.

दोन सूचना मात्र आहेत. एक, उपवास म्हणजे पथ्य नव्हे. साबुदाणा खिचडी, दाण्याची आमटी, तळलेले बटाट्याचे पापड हे एका बैठकीत खाल्लं तर चांगल्या पोटाचीही परीक्षा होते. दोन, लो-फॉडमॅप कायमचं करायचं नसतं. चार ते सहा आठवडे, मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा की नेमकं कशाने होतं. मी आधी भीतीने सगळंच सोडून बसलो होतो आणि सहा किलो वजन गेलं, त्यातून बाहेर यायला आहारतज्ज्ञांची मदत लागली.

चूर्णांचं काय? त्यांना काही पुरावा आहे का?

सगळ्यात भक्कम उभा राहतो तो इसबगोल, आणि गंमत म्हणजे तो चरकाचा नाही. नावच फारसी आहे, घोड्याच्या कानावरून पडलेलं, आपल्याकडे तो युनानी वैद्यकातून रुळला. आता भारतच त्याचा सगळ्यात मोठा उत्पादक, गुजरातेत उंझा-सिद्धपूर भागात त्याचा मोठा व्यापार चालतो. पाण्यात पडला की त्याचा लगदा होतो, मळ कोरडा असेल तर ओलावा देतो, पातळ असेल तर पाणी धरून ठेवतो, म्हणून दोन्ही प्रकारात चालतो. अमेरिकेतल्या पोटविकार तज्ज्ञांच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही आयबीएससाठी असा पाण्यात विरघळणारा तंतूच, म्हणजे फायबर, सुचवलाय. एक चमच्याने सुरुवात, भरपूर पाणी, आणि बाकी औषधांपासून तास-दोन तास लांब. गव्हाचा कोंडा मात्र आयबीएसमध्ये अनेकांचा त्रास वाढवतो.

हिंगाष्टक चूर्ण म्हणजे सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा किंवा अजमोदा, सैंधव, जिरं, शहाजिरं आणि हिंग, जेवणाच्या पहिल्या घासाला तुपात कालवून घ्यायचं. गॅस आणि फुगण्यावर लोकांना बरं वाटतं, पण पित्तवाल्यांना जळजळ होते. कुड्याची साल, म्हणजे कुटज, सह्याद्रीत हे झाड भरपूर, आव पडण्यावर पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. जुलाबाच्या प्रकारात वैद्य कुटजारिष्ट किंवा कुटजघनवटी देतात. बद्धकोष्ठ असलेल्याने मित्राचं ऐकून तेच घेतलं तर अजून अडकणार. बेलफळाचंही तसंच, कच्चं बेल मळ बांधतं, पिकलेलं जड आणि सारक. एकाच झाडाची दोन टोकं. "आयबीएसला बेल चांगलं" एवढंच सांगणाऱ्याने अर्धंच सांगितलेलं असतं.

बेलाचीच एक जुनी चाचणी आहे, १९८९ मध्ये छापून आलेली, १६९ रुग्णांवर. बेल आणि ब्राह्मी मिळून दिलेल्या औषधाने सुमारे ६५ टक्के लोकांना बरं वाटलं, त्या वेळच्या नेहमीच्या औषधांनी ७८ टक्क्यांना, आणि नुसत्या खोट्या गोळीने (दिसायला औषधासारखी, आत औषध नाही) ३३ टक्क्यांना. म्हणजे औषधात दम होता, विशेषतः जुलाबवाल्यांसाठी. पण सहा महिन्यांपुढे बघितलं तर दोन्हीपैकी कुठलंच औषध खोट्या गोळीपेक्षा सरस राहिलं नाही. त्रास परत येत होता. २१ दिवसांत मुळापासून म्हणणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवून बोलावं.

दुसरी चाचणी मला जास्त बोलकी वाटते. जर्मनीत ६९ रुग्णांचे दोन गट केले, एकाला आयुर्वेदिक पद्धतीचा आहारसल्ला, दुसऱ्याला लो-फॉडमॅपसह नेहमीचा आहारसल्ला. २०२१ मध्ये निकाल आला, तीन महिन्यांनी आयुर्वेदाच्या गटात त्रास जास्त उतरला होता. चाचणी लहान आहे, आणि कोणाला काय मिळतंय हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे फार उड्या मारू नयेत. पण तिथे मुख्य भर आहारावर होता, डबीवर नव्हता, हे लक्षात घ्या.

"हे तर नुसतं मनाचं समाधान"

आयबीएसमध्ये खोट्या गोळीनेही बऱ्याच जणांना बरं वाटतं, हे खरं आहे. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१० मध्ये ८० रुग्णांपैकी काहींना चक्क सांगून दिलं की या गोळीत औषध नाही, तरी ५९ टक्के म्हणाले पुरेसं बरं वाटतंय, काहीच न दिलेल्यांमध्ये ३५ टक्के. म्हणून "मला अमक्या चूर्णाने गुण आला" हे ऐकून चूर्ण चांगलंच असं ठरत नाही, पण त्या माणसाचा गुण खोटा होता असंही ठरत नाही. नाडी बघत अर्धा तास शांतपणे ऐकणारा वैद्य, झोप किती, भूक कशी, शौच कसं असं विचारणारा, त्याचा त्या मज्जापेशींवर परिणाम होणारच. मला तर कुणी तरी पूर्ण ऐकून घेतलं त्याच दिवशी पहिल्यांदा नीट झोप लागली.

"आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही"

हे वाक्य धोक्याचं आहे. बद्धकोष्ठावरच्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते, ती आतड्याला चाबूक मारून पळवते, रोज घेतली की तिच्याशिवाय होत नाही असं वाटायला लागतं आणि मुरडा वेगळाच. ज्येष्ठमध जास्त दिवस जास्त प्रमाणात घेतलं तर बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं. गुळवेलीमुळे लिव्हरला इजा झाल्याच्या सहा केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये मांडल्या. बॉस्टनमध्ये दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, २००४ ची गोष्ट, तर १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं.

ग्रहणीत पर्पटी नावाची औषधं आहेत, रसपर्पटी, पंचामृत पर्पटी, त्यात पारा-गंधकाची कज्जली असतेच. जाणकार वैद्य ती मोजून, ठरलेल्या दिवसांपुरती आणि पथ्यात ठेवून देतात. ऑनलाइन मागवून आपल्या मनाने घ्यायची ही वस्तूच नाही. लेबल नसलेली पुडी कुणी हातावर ठेवली तर त्यात काय आहे ते विचारा, सांगत नसेल तर घेऊ नका. आणि आधीची गोळ्या-औषधं चालू असतील तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं सांगा, लपवाछपवीत नुकसान आपलंच.

वैद्यांकडे जाताना

दोन आठवड्यांची वही घेऊन जा. माझ्या वहीतलं एक पान असं होतं: सोमवार, झोप ५ तास, सकाळी ७ ला चहा-खारी, ७.२० ला पातळ, ८ ला परत. दुपारी १.३० डबा, पोळी, फ्लॉवर-कांदा, ऑफिसच्या कॉलवर बोलत ८ मिनिटांत संपवला. ४ ला फुगलं. रात्री १०.१५ ला मिसळ. मंगळवार सुट्टी, झोप ८ तास, दुपारी वरण-भात बसून खाल्ला, पोट शांत. वैद्यांनी ते पान दोनदा वाचलं, आणि पहिल्या पंधरा दिवसांत एकही औषध दिलं नाही. आधीचं पचल्याशिवाय पुढचं खायचं नाही, रात्रीचं जेवण आठच्या आत, जेवताना फोन नाही, सकाळी रिकाम्या पोटी चहाऐवजी कोमट पाणी, दुपारी ताक. सोळाव्या दिवशी परत गेलो तेव्हा सकाळच्या तीन खेपांची एक झाली होती, आणि मग त्यांनी पहिल्यांदा औषधाचा कागद पुढे ओढला.